शिवतेजची वायर

हे घडलेलं आहे. खोटंच रचायचं असतं, तर मी माझ्या मावसभावाला यात इतका बावळट दाखवला नसता.

मागच्या वर्षीचा भाद्रपद. गणपती नुकतेच गेले होते. घणसोली, तळवली गावाला चिकटून उभी असलेली एक सोसायटी, चौथा मजला. शनिवारची संध्याकाळ आणि तिच्या पाठोपाठ आलेला रविवार.

अमावास्या नव्हती. कुत्री रडत नव्हती. घरात दिवे लागलेले होते आणि गॅसवर कुकर होता.

सगळं इतकं व्यवस्थित असताना हे झालं, म्हणून तर जास्त भीती वाटते.

मावसभावाचं नाव नंदकिशोर. तळोज्याच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचं लग्न झालं. गीतांजलीवहिनीचं हे दुसरं. तिचा पहिला नवरा शिवतेज नेटवर्किंगची कामं करायचा. ऐरोलीच्या एका ऑफिसात काम करता करता खुर्चीतच गेला. फ्लॅट त्या दोघांनी मिळून घेतलेला. त्यात नंदकिशोर राहायला आला, दोन बॅगा आणि एक इस्त्री घेऊन.

शिवतेजचा फोटो हॉलमध्ये होता. त्याबद्दल नंदकिशोरची तक्रार नव्हती. फोटोला हार घालता येतो. हार घातला की माणूस आपल्या जागी राहतो.

तक्रार होती वायफायची.

घरातल्या वायफायचं नाव होतं... शिवतेज.

नंदकिशोर दमूनभागून घरी यायचा, दार उघडायचा, आणि बूट काढायच्या आधीच त्याच्या खिशातला फोन आपणहून शिवतेजला जोडला जायचा. रोज.

"फोन माझा, हप्ते मी भरले, आणि हा दारातच त्याच्या गळ्यात पडतो," असं तो मला एकदा म्हणाला होता. मी हसलो. तो हसला नाही.

शिवतेज हे नाव तो तोंडाने कधी घेत नसे. 'ते' म्हणायचा. फारच झालं तर 'आधीचे'.

आणि आधीच्यांनी घरभर भिंतींच्या आतून वायर फिरवून ठेवली होती. टीव्हीखाली सिनेमे-मालिका दाखवणारा एक चपटा काळा डबा होता. त्याला इंटरनेट वायफायवरून मिळायचं नाही, भिंतीतून आलेल्या वायरीने मिळायचं. बेडरूमच्या माळ्यावर राउटर, तिथून वायर थेट हॉलमध्ये. कुठे पट्टी नाही, खिळा नाही. येणारा प्रत्येक जण कौतुक करायचा.

शेजारच्या पुतळाबाई तर जास्तच. त्या मूळच्या तळवलीच्या. त्याच सोसायटीत त्यांचे आणखी तीन फ्लॅट भाड्याने दिलेले.

"ओ नवीन भाऊ," त्या म्हणायच्या. लग्नाला दोन वर्षं झाली तरी नवीनच. "तो पोर लय गुनी व्हता. माजे टीवीची वायर पन त्यानीच टाकली हाय. एक दिस बंद नाय परली. तुमाला येते काय असा काय?"

"मला खरेदी येते," नंदकिशोर म्हणायचा.

"मंग करा खरेदी."

त्याने केली. नवा राउटर आणला आणि हॉलमध्ये चपलांच्या रॅकवर बसवला. वायफायला नाव दिलं 'नंदकिशोर'. माळ्यावरचा जुना राउटर उपटून काढला. गीतांजलीला सांगितलं, माळ्यावरच ठेवलाय, असू दे. दोन दिवसांनी ती ऑफिसला गेलेली असताना त्याने भंगारवाल्याला वर बोलावलं.

भंगारवाल्याने राउटर हातात घेतला, उलटासुलटा केला आणि त्याच्याकडे बघितलं.

"साहेब, आत्ताच काढला काय? गरम आहे."

दोन दिवस बंद होता तो...

नंदकिशोरने तिकडे लक्ष दिलं नाही. टीव्ही चालू होता, मालिका दिसत होत्या. डबाही आपल्या वायफायवर आला, असं तो धरून चालला. फोन आपल्याकडे आला, डबा आला. आता घरही येईल. कितीतरी दिवसांनी त्याला शांत झोप लागली.

पुढच्याच आठवड्यात डब्याचा रिमोट चादरीबरोबर वॉशिंग मशीनमध्ये गेला. चादर यानेच टाकली होती.

म्हणून त्या शनिवारी संध्याकाळी त्याने फोनवर रिमोटचं ॲप घेतलं.

ॲप उघडलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं.

शोधत आहे...

डिव्हाइस सापडले नाही. फोन आणि डिव्हाइस एकाच नेटवर्कवर असल्याची खात्री करा.

त्याने ॲप बंद केलं, उघडलं. फोन बंद केला, चालू केला. डब्याचा प्लग काढून लावला. डबा उठला आणि गीतांजलीची मालिका होती तिथून पुढे सुरू झाली.

शोधत आहे...

"अहो, आवाज कमी करा ना जरा," स्वयंपाकघरातून गीतांजली म्हणाली. "शिट्ट्या कळत नाहीयेत."

नंदकिशोर सोफ्यावर होता. हातात फोन. फोनवर चक्र फिरतच होतं.

टीव्हीवर आवाजाची पट्टी आली...

आणि एकेक घर खाली उतरली.

"थँक यू," आतून आवाज आला.

त्याने काहीही दाबलं नव्हतं.  पण कौतुक आयतं येत होतं, आणि या घरात ते त्याच्या वाट्याला क्वचितच यायचं.

"हो, हो," तो म्हणाला.

"झालं का ॲप सुरू?"

"होतंय. थोडं राहिलंय."

"नसेल होत तर राहू दे. उद्या माळ्यावरून शिवतेजचा राउटर काढू. तो लावला की सगळं चालतं."

 राउटर एव्हाना कुठल्या भट्टीत वितळला असेल कोण जाणे. ती स्टूल घेऊन माळ्यावर चढली, की संपलं. दोन वर्षांत त्याने तिच्याकडून जेवढी जागा मिळवली होती, तेवढी त्या माळ्यावरच्या रिकाम्या जागेत जाणार होती.

"नको नको. तू उद्या मोरा गावी आईकडे जाऊन ये. परत येईपर्यंत मी सगळं चालू करून ठेवतो."

"नक्की?"

"शब्द देतो."

रविवारी ती गेली. जेवण झाल्यावर याने हेल्पलाइनला फोन लावला. सोनम नावाची मुलगी होती, बोलायला गोड.

"सर, फोन कुठल्या नेटवर्कवर आहे?"

"नंदकिशोर."

"नाव नाही सर, नेटवर्क."

"तेच नाव आहे."

"ओके सर. आणि डब्याला वायर लावलीय का?"

"वायर आहे. पण तिच्या दुसऱ्या टोकाला काही नाही. डबा वायफायवर आहे."

"मग सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क बघता का?"

"बाई, रिमोटच नाही, सेटिंगमध्ये जाऊ कसा?"

हे तो बोलत असतानाच टीव्हीचा पडदा बदलला...

मालिका गेली. सेटिंग उघडलं. निळा चौकोन एकेक ओळ खाली सरकत गेला. घाई नाही, गडबड नाही. सवयीच्या हाताने सरकावा तसा. नेटवर्कवर येऊन थांबला.

वायर: जोडलेली आहे.

नेटवर्क: शिवतेज.

त्याने ते वाचून दाखवलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"वायरच्या कनेक्शनला असं नाव नसतं सर," सोनम म्हणाली.

"इथे आहे."

"एक मिनिट सर... हां, करेक्ट. तुमच्या मागचे सर बरोबर सांगतायत."

"कोण मागचे सर?"

"ते बोलतायत ना तुमच्या मागून. वायरला हात लावू नका म्हणतायत. बरोबर आहे सर त्यांचं. त्यांनाच जरा फोन देता का? त्यांना यातलं कळतंय."

नंदकिशोरने मागे वळून बघितलं.

चपलांचं रॅक. बंद दार. भिंतीवर फोटो.

कोणी नव्हतं.

फोन त्याच्या हातातून सोफ्यावर पडला. लाइन कट झाली आणि लगेच मेसेज आला: आमच्या सेवेने आपण समाधानी असल्यास एक पाठवा. त्याने काहीच पाठवलं नाही.

दुसरा कोणी असता तर घराबाहेर पळाला असता. नंदकिशोरला राग आला. हे त्याने मला स्वतः सांगितलंय, म्हणून लिहितो. फोन मी लावायचा, अर्धा तास गाणं मी ऐकायचं, आणि सल्ला यांनी द्यायचा? आणि तीही पोरगी, आवाज ऐकल्या ऐकल्या त्याच्याच बाजूची?

तो उठला. टीव्हीखाली वाकला. वायर धरली आणि खसकन डब्यातून उपटली.

टीव्ही बंद झाला नाही.

सेटिंग गेलं आणि गीतांजलीची मालिका सुरू झाली. काल तिने सोडली होती, तिथून.

वायर: जोडलेली आहे, असं कोपऱ्यात आलं आणि गेलं.

वायर त्याच्या मुठीत होती...

आणि तेवढ्यात ती हलली.

झटका नाही. मांजा हळूच आपल्याकडे घ्यावा, तशी कोणीतरी भिंतीच्या आतून वायर ओढून घेतली. वीतभर... हातभर... वायरीच्या टोकाचा प्लग भिंतीतल्या भोकाशी जाऊन अडकला आणि थांबला.

तो बेडरूममध्ये धावला. स्टूल घेतलं, माळ्यात डोकं घातलं.

वायरीचं दुसरं टोक तिथेच पडलेलं होतं. त्यावर चिठ्ठी, 'हॉल', नेटक्या अक्षरात. टोकाला काही जोडलेलं नाही. ओढणारं कोणी नाही. आजूबाजूला धूळ, आणि राउटर होता तेवढाच चौकोन स्वच्छ.

त्याने त्या चौकोनावर हात ठेवला.

गरम होता...

हॉलमध्ये आवाज वाढायला लागला. मालिकेतली सासू ओरडत होती. मग आणखी मोठ्याने. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. पलीकडून पुतळाबाईंनी भिंतीवर थापा मारल्या. नंदकिशोरने टीव्हीचं बटण दाबलं. काही नाही. टीव्हीचा विजेचा प्लग काढायला गेला, तर हाताला असे मुंग्या आल्या की हात आपोआप मागे आला.

सोफ्यावरचा फोन वाजला. गीतांजली.

"मी गेटवर आलेय. दूध घेऊन येऊ का? आणि एवढा आवाज कसला येतोय?"

"ये... सावकाश ये."

आता ती येणार. हे बघणार. म्हणणार, काढा राउटर. मग स्टूल, माळा, तो चौकोन.

नंदकिशोर हॉलच्या मध्यभागी उभा राहिला. फोटोकडे बघितलं. फोटोतला माणूस हसत होता. हसऱ्या माणसाचाच फोटो निवडला होता तिने, यात फोटोचा काय दोष.

दोन वर्षांत जे नाव त्याने या घरात घेतलं नव्हतं, ते घ्यायला त्याची जीभ रेटेना.

"शिवतेज..."

सासू ओरडतच होती.

"शिवतेज, आवाज कमी कर जरा." आणि मग, घशात अडकलेलं काढावं तसं, "प्लीज."

पट्टी आली.

एकेक घर खाली उतरली. गीतांजलीला लागतो, बरोबर तेवढ्यावर थांबली.

सोफ्यावरचा फोन थरथरला.

डिव्हाइस सापडले.

त्याने फोन उचलला. वर नेटवर्कचं नाव होतं शिवतेज. यादीत खालपर्यंत बघितलं. पुतळाबाईंचं होतं, वरच्या मजल्यावरच्यांचं होतं. 'नंदकिशोर' नावाचं नेटवर्क कुठेच नव्हतं.

दारात किल्ली फिरली. गीतांजली आत आली. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात आईने दिलेली सुकट. तिने टीव्ही बघितला. भिंतीच्या भोकाशी अडकलेला प्लग बघितला. डब्याची मागची रिकामी बाजू बघितली.

आश्चर्य वाटल्यासारखं तिच्या तोंडावर काहीच दिसलं नाही.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"म्हणजे शिवतेज तुमचंही ऐकायला लागला."



ती दूध ठेवायला आत गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. मग भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात ती आतून म्हणाली,

"मला वाटलं होतं, राउटर भंगारात दिलात म्हटल्यावर तो तुमच्याशी बोलायचाच नाही."

त्याने हे कोणालाही सांगितलं नव्हतं. तिला नाही, मला नाही, पुतळाबाईंना तर नाहीच...

ते दोघं अजून तिथेच राहतात. टीव्ही चालतो, एक दिवस बंद पडलेला नाही. वायर परत लावायला कोणी गेलं नाही. नंदकिशोर हल्ली 'शिवतेजराव' म्हणतो. आवाज कमी होतो, पण जरा वेळाने. गीतांजलीवहिनी म्हणाली की लगेच.

मी त्यांच्याकडे गेलो की खालीच, गेटवर, फोन बंद करून टाकतो.

मध्ये एकदा तो मला भेटला, तेव्हा मी विचारलं, भीती वाटत नाही का रे तुला?

त्याने मान हलवली. चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला,

"भीतीचं सोड. मी दिवसभर तळोज्याला असतो. ती घरून काम करते हल्ली. मागून घेतलंन तसं, ऑफिसातून."

"मग?"

"मग दिवसभर ती दोघं काय बोलत असतील?"