इंजिनाची आंघोळ

श्रीयश पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याने ट्रॉलीवरची बोट बरोब्बर माझ्या दुकानाच्या दारात आडवी लावली होती. मी आत अडकले. तिकोणा पेठेत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं आमचं एकच दुकान. माझ्या वडिलांचे, आबांचे हात थरथरायला लागल्यापासून ते मीच चालवते. मी आतून ओरडले, तर हा गृहस्थ हसला. पावसाने भिजलेल्या पापण्या, गालावर खळी... मला आणखीच संताप आला.

तो लोणावळ्याच्या शाळेत शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी बचाव पथकात असायचा. पथकाने कोकणातून जुनी बोट घेतली होती, आणि ती आणायच्या आदल्या दिवशीच इंजिनासकट खाडीत बुडाली होती. गेल्या वर्षी पवना धरणात बुडणाऱ्या एका माणसापर्यंत पथक वेळेत पोचलं नव्हतं. म्हणून येत्या रविवारी, पर्यटकांची गर्दी होण्याआधी, ही बोट पाण्यात हवी होती.

इंजिन माझ्याकडे सोडून जाताना त्याने दोनदा बजावलं, इंजिन आधी भरपूर गोड्या पाण्याने धुवा, मगच सुकवा. सात वर्षं मोटारी खोलणाऱ्या मला हा मास्तर शिकवणार! धरण भरलं की आमच्याकडे दरसाल मोटारी बुडतात. त्यांच्यावर कोणी पुन्हा पाणी ओतत नाही. उघडायच्या, ऊन नसेल तर पेटत्या बल्बखाली दोन दिवस ठेवायच्या, झालं काम. मी तेच केलं.

गुरुवारी तो आला तेव्हा वायरींच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढला होता आणि स्टार्टर जागचा हलत नव्हता. पाणी उडून गेलं होतं, पण मीठ आतच बसलं होतं.

"तुम्हाला राग आला की ऐकूच येत नाही का?" तो म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"माझा राग माझ्यापाशी. तुमी कोन इचारनार?"

"रविवारी कोणी बुडालं तर हात चोळत काठावर मी उभा असेन. तुम्ही नसाल."

चूक माझी होती आणि ती ह्याच्यासमोर झाली होती, हेच सहन होत नव्हतं. मी पाना उचलला. "मंग हुबं काय ऱ्हायलाय? हिरीचं पानी काढा."

तो खरंच बादल्या वाहत राहिला. मी प्लग काढले, आतून-बाहेरून पाणी सोडलं, एकेक भाग घमेल्यात बुडवून काढला, सडलेल्या वायरी कापून नव्या जोडल्या. जुना टूथब्रश व्हिनेगरमध्ये बुडवून तो जोडांवरचं मीठ घासायला बसला... इतकं हळुवार, की मी ब्रश हिसकावून घेतला.

"इंजिन हाय ते, नवरी न्हवं."

"मला सवय नाही कोणाला इतक्या जोरात घासायची," तो म्हणाला, "तुम्ही गेले तीन दिवस मला घासताय, त्यावरून शिकतोय."

मी मान खाली घातली. कान तापले होते आणि त्याला ते दिसत होतं. शनिवारी दुपारी अडकलेला स्टार्टर सुटला, तेव्हा आनंदाने मी त्याचाच हात धरला — आणि मग चिडून सोडला.

रविवारी धरणावर तिसऱ्या प्रयत्नात इंजिन चालू झालं. पथकाची माणसं टाळ्या वाजवत होती. श्रीयश दोन फेऱ्या मारून काठावर आला, हात जोडले आणि म्हणाला, आता तुम्हाला त्रास नाही. 'त्रास' या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. उद्यापासून हा माणूस कशाला येईल माझ्या दुकानात?

"दर ऐतवारी इंजिन धुवायला आनायचं," मी म्हणाले.

"गोड्या पाण्यात चालवलेलं धुवावं लागत नाही."

"म्हाईत हाय मला." आवाज चढला, पथकातले वळून बघायला लागले, पण आता थांबणं माझ्या हातात नव्हतं. "तरी आनायचं. आन् इंजिन नसंल तर नुसतं यायचं. मला तुमी आवडता, म्हनून."

श्रीयशने बोटीचा दोर एकदा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. पाऊस भुरभुरत होता...

"उद्या आलो तर?" त्याने हळूच विचारलं.

"शाळा न्हाई व्हय?"

"सुटल्यावर."

"मंग उशीर करू नगंस," मी म्हणाले.