कोऱ्या बाजूवरचे ठिपके

निमोण्याहून येणारी सकाळची एसटी शिरूरच्या स्टँडात शिरली, की अपेक्षाचे पाय आपसूक घोडनदीच्या अंगाला वळत. तिथं इलाही सरांचं घर होतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित दोनदा राहिलं होतं. या उन्हाळ्यात सुटलं नाही, तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता.

सर होते तेव्हा ओसरीवर बसून शिकवत. त्यांचा मुलगा शोएब रांजणगावच्या कारखान्यातून एका बाजूनं छापलेले कागद आणी. कोऱ्या बाजूवर गणितं चालत. सर कधीच सोडवून देत नसत. चुकलेल्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं मोहरीएवढा ठिपका ठेवत आणि बशीतला चहा फुंकत बसत.

"सर, काय चुकलं ते सांगा की!"

"चूक तुझी हाय बाई. मी कशाला तिला हात लावू? हुडक."

माघात सर गेले. चैत्रात ती सरांच्या बायकोला, हमीदाचाचींना भेटायला आली, तर चाचींनी सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा पुढं सरकवला. "बस हितंच. तू लिहीत बसलीस म्हंजी वसरी भकास वाटत न्हाई."

अपेक्षानं सुतळी सोडली. पहिल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर, मध्याच्या जरा खाली, एक लाल ठिपका होता. पेन्सिल टेकली असेल कधीतरी. तिनं मॅट्रिक्स मांडली, आयगेन व्हॅल्यू काढल्या. उत्तर जुळेना. ठिपक्यावर आलेल्या ओळीत उणेचं अधिक झालं होतं.

दुसऱ्या कागदावरही तेच. योगायोग, ती मनाशी म्हणाली.

तिसऱ्यावर तिनं मुद्दाम गाइडमधलं इंटिग्रेशन जसंच्या तसं उतरवलं. ठिपका सातव्या ओळीखाली आला. तिला हसू फुटलं. बरोबर गणिताखाली ठिपका! तरी सवयीनं पडताळलं. गाइडमध्येच घातांक चुकीचा छापला होता.

तिनं कागद उलटला. मागं कारखान्याचा तक्ता. कोपऱ्यात छपाईची तारीख होती, गेल्या आठवड्यातली.

"चाची, हे कागद..."

"परवाच आणले शोएबनं. बांधलेलं व्हतं, तूच सोडलंस की. का गं?"

"काही न्हाई."

अंगावर काटा आला, पण उठवेना. ठिपक्यापाशी हात थांबला, की बशीतल्या चहावरची ती हळू फुंकर आठवे आणि भीती मऊ होऊन जाई. दोन महिने ती रोज आली. ठिपके विरळ होत गेले. परीक्षेच्या आठवड्यात कागद नुसते कोरे निघाले. तेव्हा तिला रडू आलं.

गणित सुटलं. एकसष्ट मार्क.

चाचींनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि उरलेला गठ्ठा तिच्या हाती दिला. "ने घरी. हितं कोण लिवणार आता?"

तिचे वडील जयसिंगआप्पा सकाळभर गावात पेढे वाटत फिरले आणि ऊन चढल्यावर विहिरीवरची मोटार बघायला गेले. अपेक्षा हॉस्टेलच्या अर्जाचा कच्चा मजकूर लिहायला बसली. गठ्ठ्यातला वरचाच कागद घेतला. मजकूर भराभर उतरत गेला.

'माझ्या घरी आई-वडील दोघेच असतात.'

पेन थांबलं.

'दोघेच'च्या खाली लाल ठिपका होता.

तिनं वाक्य पुन्हा वाचलं. शब्द बरोबर होते. आई. वडील. दोन.

ठिपक्यावर बोट टेकवलं. शिशाचा ताजा भुगा बोटाला लागला.

"अपे," चुलीपासून कस्तुराबाईंची, आईची हाक आली. "आप्पांना वरडून बघ गं. भाकरी गार झाली. मोटार तर कवाची बंद पडलीया."