सहाशे चाळीस डबे आणि माझी कंबर

माझी कंबर पोलादाची आहे, म्हणून ती दुखत नाही असा सगळ्यांचा गोड गैरसमज आहे. मी खटपट्या, शाळेत मुलांना जेवणाचे डबे वाटणारा यंत्रमानव. माझा प्रोग्रॅम आठवीतल्या शलाकाने लिहिला आहे. कोणाकडूनही न शिकता, स्वतःच, हे ती दिवसातून चारदा सांगते.

आता कोडं ऐका. चाळीस डबे वाटायला मला सात मिनिटं लागतात. मग सोळापट, म्हणजे सहाशे चाळीस डब्यांना किती लागतील?

"सोळा सत्ते एकशे बारा!" चार शाळांच्या दोन दिवसांच्या क्रीडामेळाव्याआधी शलाका म्हणाली. "बारा ते दोनच्या सुट्टीत आरामात होईल."

झालं काय? पहिल्या दिवशी दोन तासांत फक्त बावीस मुलांना डबे मिळाले. बाकीच्यांनी डबे मांडलेल्या फळ्यांवर झडप घातली. कोणाची भाजी सांडली, कोणी रडलं. मुख्याध्यापिका पेंढारकर बाई कडाडल्या, "उद्या दोनच्या आत वाटप झालं नाही, तर हा भंगारात जाईल!"

म्हणजे चूक हिची आणि भंगारात मी!

शलाकाचे आजोबा, दिगंबरपंत, चाळीस वर्षं संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते मैदानावरच आले आणि आल्या आल्या भाषण सुरू. "पद्धतशीर शिक्षण नाही ना, मग असंच होणार!"

"तुमची पुस्तकं जुनी झालीत, आजोबा. माझा प्रोग्रॅम वर्षभर चाललाय!"

"अहो, भांडता काय!" मी वैतागून ओरडलो. "मी एकेका मुलासाठी पहिल्या डब्यापासून वाकून नावं वाचतो. वाचलेलं लक्षात ठेवायचं, हेही हिने लिहिलेलं नाही!"

आजोबा थबकले. त्यांनी मातीत आकडे मांडले. "एकदा वाकायला एक सेकंद. चाळीस डब्यांना हा साधारण चारशे वेळा वाकतो. पण डबे वाढले की मुलंही वाढतात आणि प्रत्येकासाठीचा शोधही लांबतो. सहाशे चाळिसांना एक लाखाच्या वर वाकावं लागेल. अठ्ठावीस तास!"

शलाकाचा चेहरा उतरला. "हे मला कोणी सांगितलंच नाही."

"म्हणून वेगळा अल्गोरिदम (काम करण्याची ठरलेली रीत) हवा. डबे नावांच्या क्रमाने लावायचे. मधला डबा बघायचा. हवं ते नाव पुढे असेल तर मागचे सगळे सोडून द्यायचे. उरलेल्यांतला पुन्हा मधला. याला द्विभाजन शोध (दर वेळी निम्मे वगळत शोधणे) म्हणतात. जास्तीत जास्त दहा वेळा वाकलं की डबा हातात!"

दहा! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आलेले डबे लावायला घेतले, तर एकावर 'बाळू', दुसऱ्यावर 'हात लावू नये', तिसऱ्यावरचं नाव वाफेने पुसलेलं. आजोबा हतबल. चाळीस वर्षं शिकवलं, पण डबा म्हणून कधी हाती घेतला नव्हता!

"डब्यावर कोणी खरं नाव लिहितं का?" आता शलाकाने कपाळावर हात मारला. "प्रत्येकाच्या छातीवर मेळाव्याचा क्रमांक आहे. तोच डब्यावर चिकटवू. सकाळी मुलं क्रमांकाच्या रांगेतच मैदानावर येतात, येता येता डबे ठेवतील. आपोआप क्रम लागेल, मग दुपारी मुलं कशीही येवोत!"

तिने नवा प्रोग्रॅम लिहिला, आजोबांनी तीन चुका काढल्या. बरोबर बाराला मी वाकायला लागलो. दोनला तेरा मिनिटं कमी असताना शेवटचा डबा दिला. पेंढारकर बाईंनी भंगारवाल्याचा नंबर लिहिलेला कागद फाडला आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला.

शलाका आजोबांजवळ बसली. "मला काय येत नाही, हेच मला माहीत नव्हतं. तुमचं ते पुस्तक पहिल्या पानापासून शिकवाल?"

"शिकवतो. पण आधी मला एक दाखव," आजोबा ओशाळून म्हणाले. "याची पाठ उघडतात कशी?"

त्यांनी पेचकस उलटा धरला होता. शलाकाने तो सरळ करून त्यांच्या हातात दिला. दोघं माझ्या पाठीवर ओणवे झाले. मी भयंकर वैतागलो होतो, पण अजिबात हललो नाही.