वाक्य पूर्ण करू नका

डोळे मिटा बरं क्षणभर. एक लांबट खोली डोळ्यांसमोर आणा. भिंतीला लागून जाड पुस्तकांची कपाटं, छताला करकरणारा पंखा आणि बाकांवर काळे कोट घातलेली पन्नासएक मोठी माणसं, अगदी तुमच्या वर्गातल्या मुलांसारखी. हो, वकिलांनाही शाळा असते! कायदे बदलत राहतात, नवे निकाल येत राहतात. ते ठाऊक नसले तर वकील भर कोर्टात तोंडघशी पडतो. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक निवृत्त न्यायाधीश हा वर्ग घ्यायचे. चोरीचे, जमिनीचे, कारखान्याचे, घटस्फोटाचे खटले चालवणारे सगळे तिथे यायचे, हजेरी लावायचे आणि मागच्या बाकांवर खुशाल पेंगायचे.

अशाच एका शनिवारी पंख्यानं एका वकीलबाईंच्या हातातला, वर्गात वाटलेला नव्या कायद्याचा कागद उडवला. तो तरंगत गेला आणि नेमका एका बुटाखाली सापडला.

"अहो, पाय उचला!"

बुटाचा मालक दचकला. "माफ करा हं... तुमच्या कायद्यावर पाय दिला मी."

"कायद्यावर सगळेच पाय देतात. तुम्ही निदान माफी तरी मागितलीत."

तो हसला. त्यानं कागद झटकला, पण बुटाचा ठसा काही जाईना. मग त्यानं आपलाच कागद दोघांच्या मध्ये धरला. "कसले दावे चालवता तुम्ही?"

"मुलांच्या ताब्याचे. मोठी माणसं भांडत असतात, तेव्हा मुलाच्या बाजूनं मी उभी राहते. आणि तुम्ही?"

"जमिनीच्या हद्दी. वीतभर जागेसाठी दोन शेजारी वीस वर्षं भांडतात, त्यातला एक माझा."

"मग तुमचं कोपर जरा हद्दीत ठेवा."

पुढच्या महिन्यात हद्दीवाले वकील तिच्या शेजारी येऊन बसले ते हात हलवत. "कागद संपले म्हणे." वकीलबाईंना समोरच्या टेबलावरचा कागदांचा गठ्ठा स्वच्छ दिसत होता. पण... आपला कागद त्यांनी हळूच मध्ये सरकवला. त्यानंतर कागद दर महिन्याला संपू लागले!

आता या गोष्टीतल्या तिसऱ्या माणसाला भेटू या. ती आठ वर्षांची होती आणि मावशी तिला मुंगी म्हणायची, कारण ती सारखी काहीतरी करत असायची आणि तोंडातून चकार शब्द काढायची नाही. मुंगीची आई गेली होती. मावशीनं तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. आता दूरच्या शहरातल्या वडिलांना ती हवी होती. चार वर्षांत ते एकदाही भेटायला आले नव्हते, तरी वडील ते वडीलच. कोर्टात दावा उभा राहिला. मुंगीला काय वाटतं, हे कोर्टाला सांगायला एक वकील नेमला गेला. त्याची बदली झाली. दुसरा आला, तोही गेला, मग तिसरी. दर वेळी मुंगीनं आईच्या आजारापासून सगळं पहिल्यापासून सांगायचं. तिसऱ्या खेपेनंतर तिनं सांगणंच बंद केलं. शाळेतही गप्प, घरीही गप्प.

चौथ्या म्हणजे आपल्या वकीलबाई. त्यांनी पहिल्या भेटीत एकही प्रश्न विचारला नाही. फाईलची दोरी कशी बांधायची, तेवढं शिकवलं. "ही फाईल तुझी. गाठ तूच मारायची, तूच सोडायची. आणि ऐक, मी तुला सोडून जाणार नाही. तुलाच मी नकोशी झाले, तर व्हरांड्यातल्या त्या कारकुनाच्या खिडकीत जाऊन वकील बदलायचा गुलाबी कागद मागायचा. तो हक्क तुझा आहे, माझा नाही."

सहाव्या भेटीत गाठ मारता मारता मुंगी म्हणाली, "आईला पण अशीच गाठ मारता यायची." आणि मग ती बोलतच राहिली.

कागद उडाल्यापासूनच्या पाचव्या वर्गात निवृत्त न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि नवा नियम वाचला. एकाच दाव्यात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन वकिलांत जवळचं नातं असेल, तर त्यांनी ते लिहून द्यायचं. मग दोन्ही वकील बदलणार, आणि नातं जुळल्यापासून झालेले सगळे जबाब पुन्हा घेतले जाणार. वकिलानं स्वतःहून दावा सोडला, तरी खरं कारण लिहून द्यायचं.

"साहेब, नातं म्हणजे नेमकं काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"ज्याबद्दल विचारलं की उत्तर द्यायला वेळ लागतो, ते!"

वर्ग खो खो हसला. एका कागदावर वाकलेली दोन डोकी मात्र हसली नाहीत.

पुढच्याच आठवड्यात मुंगीच्या वडिलांचे म्हातारे वकील जिन्यावरून पडले आणि अंथरुणाला खिळले. त्यांनी दावा आपल्या शिष्याच्या हवाली केला. सोमवारी कोर्टाचं दार उघडलं आणि शिष्य आत आला... हद्दीवाले! गुरूंचा शब्द मोडवेना, आणि मोडायचा तर कारण तरी काय सांगणार?

न्यायाधीशबाईंनी नव्या नियमाप्रमाणे विचारलं, "तुम्हा दोघांत काही नातं?"

"नाही," ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला.

उत्तर द्यायला दोघांनाही क्षणभराचाही वेळ लागला नाही. ते खोटंही नव्हतं. तोवर कोणी काही बोललंच कुठे होतं?

मुंगीचा जबाब झाला त्या दिवशी तो कोर्टाबाहेरच्या बाकापाशी थांबला होता. बाकावर मुंगी फाईल बांधत होती.

"त्या दिवशी मी नाही म्हणालो खरा, पण—"

"वाक्य पूर्ण करू नका."

"तुम्हाला काय कळलं, मी काय म्हणणार ते?"

"कळलं म्हणूनच म्हणतेय." तिनं मुंगीकडे बोट दाखवलं. "तुम्ही बोललात, तर मला ऐकावं लागेल. ऐकलं, तर लिहून द्यावं लागेल. लिहिलं, की हिला पाचवा वकील. ही पुन्हा मुकी होईल हो... आणि मुकी पोर कुणाच्याही पदरात टाकता येते."

त्यानं मुंगीकडे पाहिलं. मुंगीनं मान वर केली नाही, पण तिची बोटं गाठीवरच थांबली होती.

त्यानंतर शनिवारच्या वर्गात तो एका टोकाला बसायचा, ती दुसऱ्या. त्याच्या हातात त्याचा कागद, तिच्या हातात तिचा. मधला बाक रिकामा. कागद आता कधीच संपत नव्हते.

निकाल लागला. मुंगी मावशीकडेच राहणार! मावशी हमसून हमसून रडली. वकीलबाईंनाही क्षणभर वाटलं, संपलं एकदाचं... आता कोणी बोललं तर चालेल. पण महिना उलटायच्या आत वडिलांनी वरच्या कोर्टात अपील केलं. दावा तोच, वकीलही तेच.

वरचं कोर्ट त्याच इमारतीत होतं, म्हणून अपिलाच्या पहिल्या तारखेला पुन्हा तोच बाक. मावशी पाणी प्यायला गेली होती, मुंगी फाईल मांडीवर घेऊन बसली होती. तो आला. चेहरा उतरलेला.

"किती चालेल हे?"

"तीन वर्षं. कदाचित चार. मुंगी तेव्हा बारा वर्षांची असेल."

"आणि आपण?"

"आपण... समोरासमोर."

तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "घरच्यांनी लग्नासाठी एका मुलीशी ओळख करून दिली आहे. चांगली आहे. रविवारी उत्तर द्यायचंय. तुम्ही एक शब्द बोललात... नुसतं 'थांबा' म्हणालात, तर मी आठ वर्षंही थांबेन."

एक शब्द! तो तिच्या जिभेच्या टोकावर आला होता. पण तो एकच शब्द म्हणजे नातं, आणि नातं म्हणजे पाचवा वकील. तिनं ओठ घट्ट मिटले. मुंगी पूर्वी मिटायची, अगदी तस्से.

"बरं," तो म्हणाला. "मग मी होकार कळवतो." थोडं हसायचा प्रयत्न केला त्यानं. "तुमच्या कायद्यावर एकदा पाय दिला होता. पुन्हा देणार नाही."

तो जिन्याकडे निघाला. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काळ्या कोटाचे खांदे हलत होते, आवाज मात्र नव्हता. आवाज न करता कसं रडतात, हे मुंगीला चांगलं ठाऊक होतं.

मुंगीनं फाईलची गाठ एकदा तपासली. मग ती उठली आणि चालत चालत त्या खिडकीपाशी गेली. खिडकी उंच होती. ती चवड्यांवर उभी राहिली.

"काका, गुलाबी कागद द्या."

आतल्या कारकुनानं वाकून पाहिलं. "कशाला गं बाळ?"

"मला वकील बदलायचाय."

हे ऐकून भिंतीकडचे खांदे थांबले. जिन्यावरचे बूटही थांबले. "मुंगी!" वकीलबाई धावत आल्या. "अगं, माझं काही चुकलं का?"

मुंगीनं नाही म्हणून मान हलवली. तिनं पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

कारकुनानं पेन उघडलं. "इथे कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

मुंगीनं फाईल दोन्ही हातांनी उचलून खिडकीत ठेवली आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"लिहा, आता मला दुसऱ्यांशीही बोलता येतं."