टिकारामची आरामखुर्ची

खेमराज त्या दिवशी गोंदियाला गेला तो एक खुर्ची आणायला. हसू नका रे पोट्टेहो. खळ्यावरचं धान अर्धवट टाकून, बैल जुंपून माणूस खुर्चीसाठी गेला. कुडव्यापलीकडच्या आपल्या गावात तेव्हा खुर्ची एकच, पाटलाकडे, आणि तिच्यावर पाटीलसुद्धा अंग चोरून बसायचा. साल छत्तीस. पूस महिन्यातल्या अमावास्येची आदली रात्र. खेमराज माझ्या बरोबरीचा, आणि गाडी परत आली तेव्हा ती खुर्ची उतरवायला मीच हात लावला.

खुर्ची हवी होती त्याच्या थोरल्या भावाला, टिकारामला. हा टिकाराम एकेकाळी धानाचं पोतं एकट्यानं उचलायचा. मग हातांचं मांस झिजत गेलं, विळा गळून पडू लागला. पाय गेले. शेवटी जीभही जड झाली. डोकं मात्र लख्ख. डॉक्टरनं मान हलवली, भगतानं कोंबड्या खाल्ल्या, फरक काडीचा नाही.

आणि झोप! आडवा केला की छातीत हवाच शिरेना. डोळा लागतो न लागतो तोच दचकून जागा. रात्रभर हेच. मग दिवसा बसल्या बसल्या मान गळायची, घास तोंडात तसाच राहायचा. येणारेजाणारे अंगणातून बोलायचे, "दिवसा घोरून राहिला, मंग रात्री कशी येईन झोप?" मला अजून संताप येतो. अरे, रात्री झोपता येत नाही म्हणूनच तर तो दिवसा पेंगतो, एवढं कळायला काय लागतं?

त्याच्या बायकोनं, शामकलानं, हेरलं होतं की बसता ठेवला तर त्याला झोप लागते. ती खाटेवर भिंतीशी पोती रचून त्याला टेकवायची. पण अंगात ताकद नाही, तो खाली घसरायचा. हाक मारता येईना. म्हणून तिनं अंबाडीची दोरी वळली. एक फास त्याच्या बोटात, दुसरा आपल्या मनगटात. तेवढं एकच बोट हलायचं त्याचं. दोरीला ओढ बसली की ती उठायची, त्याला वर सरकवायची. रात्रीतून कितीदा, ते तिलाच ठाऊक. एकदा चुलीपुढं डुलकी लागून तिचा पदर जळाला.

"भाऊजी," ती खेमराजला म्हणाली, "यायले झोप पाहिजे, मलेबी पाहिजे. कायतरी करा नं."

गोंदियात गुलाबचंद लाकूडवाल्याच्या अडगळीत वेताची आरामखुर्ची पडून होती. तो द्यायला तयार होता. खेमराज सकाळीच पोचला, तर शेठ कामात. दुपारी गेला, तर शेठ झोपले. नोकर म्हणाला, "साहब सो रहे हैं, बैठो." उठवायची कोणाची छाती? शेठच्या दुपारच्या झोपेला नावं ठेवणारा एक माणूस भेटला नाही त्याला. खुर्ची हातात पडली तेव्हा दिवे लागले होते.

खेमराजनं ती धोतराच्या सोग्यानं पट्टी न् पट्टी पुसली, नाड्यानं, गाडीच्या जाड दोरानं, गाडीत आवळली आणि निघाला.

कुडवा मागं पडलं. अंधार गुडुप. गाडीखाली कंदील लोंबत होता. बैल चांगले चालले होते... आणि एकाएकी दमले. गाडी जड झाली. जू त्यांच्या मानेत रुतलं.

मागं वेत करकरला.

खेमराजनं कासरा घट्ट धरला.

मग श्वास ऐकू आला. लांब... सावकाश... माणूस गाढ झोपला की येतो तसा. घरघर नाही. दचकणं नाही.

"दादा?"

...

श्वास चालूच.

त्यानं मागं पाहिलं नाही. पुढं मला म्हणाला, "भेव तं लागलंच. पन झोपला होता नं तो... कसा उठवू?"

त्यानं बैल हळू घेतले. खड्डा आला की आणखी हळू. गावाच्या शिवेपर्यंत श्वास होता. मग... गाडी हलकी झाली.

घरापुढं माणसं. टिकाराम भुईवर.

झालं होतं असं, की दुपारी सासूला, देवकाबाईला, सुनेची कीव आली. "तू झोप जराशी, मी बसतो त्याच्याजवळ," म्हणाली आणि दोरीचा फास आपल्या मनगटात घातला. शामकला मेल्यासारखी झोपली. इकडं टिकारामचाही डोळा लागला. हाक मारली, उठेना. श्वास मधेच थांबे, मग येई. म्हातारीला वाटलं, वेळ आली. खाटेवर जीव जाऊ नये म्हणून शेजारच्यांना बोलावून त्याला भुईवर घेतलं. सारवलेल्या जमिनीवर. उताणा! तोंडात पाणी घातलं. जाणाऱ्याला बंधन नको म्हणून दोरी सोडली, चुलीत टाकली.

त्याचे डोळे उघडे होते म्हणतात. आणि बोट... बोट आत वळून ओढत होतं. काही नव्हतं तिथं ओढायला. दिवेलागणीपर्यंत ओढत होता. लोक म्हणाले, शेवटची थरथर आहे.

माया होती रे सगळ्यांची. कोणीतरी त्या पोरीला उठवायचं होतं, एवढंच.

शामकला दाराशी उभी होती. खेमराजला बघून एवढंच म्हणाली, "आता कायले आनली?"

मी कंदील घेऊन गाडीशी गेलो. नाडा तसाच आवळलेला. वेताची बैठक मधोमध दबलेली. आणि खुर्चीच्या उजव्या हाताला अंबाडीची दोरी, शामकलाच्या हातची वळलेली. एक फास खुर्चीच्या हाताला घट्ट बसलेला. दुसरा खाली लोंबत होता... मोकळा, मनगट जाईल एवढा.