खिडकीकडची खाट

ही गोष्ट खरी आहे. माझा भुतांवर विश्वास नाही. हॉस्पिटलच्या कमिट्यांवर तर त्याहून नाही. पण हे माझ्या मथुरामावशीच्या बाबतीत घडलं, आणि तिला कल्पनाशक्ती अजिबात नव्हती.

साल १९३२. दिवाळी नुकतीच सरलेली. जागा, रत्नागिरीतलं मांडवीकडचं एक धर्मादाय हॉस्पिटल. वेळ दिवेलागणीची.

मावशी तिथे नर्सिंग शिकत होती. नवरा बोटीवर खलाशी. दोन वर्षं त्याचा पत्ता नव्हता. मुंबईत दुसरं घर केलंय म्हणायचे लोक. सासूने तिला शिकायला धाडलं, तेवढंच घरात खाणारं तोंड कमी.

शिकवायला गुणवंती सिस्टर होती. जिभेने फोडणी देणारी बाई.

"तापाचं औषध वेगळं, जुलाबाचं वेगळं, झोपेचं वेगळं. अफूचा अर्क दुखणं घालवतो, पण श्वासालाही झोपवतो. दमेकऱ्याला दिलास तर त्याच्या तिरडीची तयारी तूच कर. आणि आधी रोग्याचं नाव घ्यायचं. तो 'ओ' देईपर्यंत पेला पुढे करायचा नाही. कळलं?"

मावशीला सगळं कळलं.

फक्त एक अडचण होती.

खिडकीकडच्या खाटेवर जयगडचा एक तांडेल होता, गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. मालाची होडी, पडाव, आणि धक्का यांच्यामध्ये सापडून पाय चिरडलेला. रोज अफूचा अर्क, मात्रा वाढत वाढत गेलेली. त्याचं नाव गंगाराम.

मावशीच्या नवऱ्याचं नावही तेच.

आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. तो तिचं नाव विसरला असला तरी.

"अहो, खिडकीकडचे... औषध," असं ती म्हणायची.

"काय गो बाय," तांडेल कण्हता कण्हता हसायचा, "माजं नाव घेतलंस तर जीभ झडंल काय तुजी?"

अख्खा वॉर्ड हसायचा. मावशीसुद्धा.

एका दुपारी वॉर्डातल्या भिकाजीबाबांचा दमा उसळला. वारा हवा म्हणाले. गड्यांनी त्यांना खिडकीकडे आणि तांडेलाला त्यांच्या जागी हलवलं. मावशीला कोणी सांगितलं नाही.

दिवे अजून लागायचे होते.

"अहो, खिडकीकडचे... औषध."

कांबळ्यातून एक हात पुढे आला. पेला रिकामा झाला.

मग वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

"बाय... माजं औषध ऱ्हायलं गो."

भिकाजीबाबांची छाती दिवसभर सूं... सूं... वाजत होती.

ती हळू झाली.

मग...

नाहीच.

कमिटीने निकाल दिला : हृदय बंद पडून मृत्यू. यात खोटं काहीच नव्हतं. मरणाऱ्या प्रत्येकाचं ते बंद पडतंच.

गुणवंती सिस्टर मात्र तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "उद्या नाव घेतलं नाहीस, तर परवा यायचं नाही."

दुसरी संध्याकाळ. खिडकीकडची खाट रिकामी. गादीसुद्धा काढलेली.

मावशी तबक घेऊन उभी राहिली.

"शिवा."

"ओ."

शिवाचं तोंड उघडायच्या आत...

आवाज खिडकीकडून आला होता. मागोमाग, सूं... सूं...

"धोंडू."

पुन्हा तेच. आधी खिडकीकडून. मग धोंडूकडून. वॉर्डात कोणीच मान वळवली नाही. ते फक्त तिलाच ऐकू येत होतं.

आता उरला तांडेल. कालपासून त्याच्या पायाला उतार नव्हता. दातांत कांबळं धरून तो तिच्याकडे बघत होता. मस्करी संपली होती.

नाव घ्यावं, तर नवऱ्याचं आयुष्य. न घ्यावं, तर पुन्हा कुणाचा तरी श्वास.

सूं... सूं...

"गंगाराम."

जन्मात पहिल्यांदा.

खिडकीकडची छाती वाजायची थांबली.

"ओ," तांडेल म्हणाला.

आणि खिडकीकडूनही आली...

"ओ."

पण तो भिकाजीबाबांचा आवाज नव्हता. तरणा होता. किंचित घोगरा.

त्या आवाजाशी मावशीने तीन वर्षं संसार केला होता.

तिने वळून पाहिलं नाही. तांडेलाला औषध पाजलं.

काही दिवसांनी मुंबईच्या बोटीने एक खलाशी आला. तिचा नवरा गोदीत पाय घसरून बुडाला, म्हणाला.

तोवर हॉस्पिटलातली बातमी मांडवीभर झालीच होती. सासूने ऊर बडवून घेतला. "नाव घेतलंन् भर वॉर्डात! खाल्लंन् माझ्या मुलाला!" त्याच दिवशी मावशीचं गाठोडं दाराबाहेर आलं.

भिकाजीबाबांबद्दल तिला कोणी कधी एका शब्दाने विचारलं नाही.

मावशी पुढे आयुष्यभर नर्स राहिली. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकलेला. एकदा तिला सुनावलं, "अगं, तो आधीच बुडाला असेल. म्हणून तर तिथून 'ओ' आली. त्या खलाशाला बुडाल्याचा वार विचारायचास. सगळा उलगडा झाला असता."



"म्हणूनच विचारला नाही. विचारला असता, तर त्याने सांगितला असता," मावशी म्हणाली.