दुधी काचेवरची बाई

जस्टिन कॉलेजात शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी लाकडी कॅमेरा खांद्यावर टाकून नगर जिल्हाभर हिंडायचा. पोस्टकार्डाएवढी फिल्म, पुढे भिंगामागे घड्यांचा कातडी भाता, मागे दुधी काच. डोक्यावर काळं कापड घेऊन त्या काचेत बघायचं. समोरचं सगळं तिच्यावर उलटं दिसतं, पाय वर, डोकं खाली. चुका मात्र त्याला फळायच्या. एकदा भात्याला भोक पडून फिल्मवर उजेड सांडला, तर त्याच फोटोला पुण्यात बक्षीस मिळालं. तेव्हापासून चूक दिसली की तो ती निस्तरत बसत नसे.

त्या रविवारी चर्चमधून परस्पर तो बायकोला, एंजेलाला, घेऊन नेवाशाजवळच्या एका बंद दवाखान्यात गेला. पूर्वी तिथं आया असलेल्या केशरबाईंनी किल्ली दिली. टळटळीत दुपार. वॉर्डात एकच लोखंडी खाट उरली होती, आणि फिनेलचा वास, इतक्या वर्षांनीही.

एंजेला खाटेशी उभी राहिली. जस्टिन कापडाखाली शिरला. काचेवर वॉर्ड उलटा, खाट उलटी, एंजेला उलटी. तिच्यामागे एक बाई मात्र सुलटी उभी होती.

त्यानं कापड बाजूला केलं. एंजेलाच्या मागे नुसती भिंत.

पुन्हा काचेत पाहिलं. बाई होती. मघापेक्षा जवळ.

भात्याला भोक पडलं असणार, त्यातून कसला तरी कवडसा येतोय, असं त्यानं स्वतःला समजावलं. काळी चिकटपट्टी खिशात होती. ती त्यानं काढली नाही. बक्षिसाचा फोटो आठवला.

"एक मिनिट हलू नकोस," तो म्हणाला.

फिल्म आत सरकवली की काच झाकली जाते. मग काहीच दिसत नाही. तो घड्याळ बघत राहिला. छपरात पारवे घुमत होते, ते थांबले. साठ सेकंद झाले.

"झालं."

एंजेला हलली नाही.

"एंजेला... झालं गं."

"अजून थांब म्हणतायत..." ती ओठ न हलवता पुटपुटली.

"कोण?"

त्यानं धावत जाऊन तिचा दंड धरला. दंड खाटेच्या लोखंडासारखा गार होता. बऱ्याच वेळानं तिनं श्वास सोडला आणि विचारलं, "जेवायचं कुठं?"

घरी त्यानं फिल्म धुतली. वॉर्ड होता, खाट होती, एंजेला नव्हती. तिच्या जागी काचेवर सुलटी दिसलेली ती अनोळखी बाई, आता डोकं खाली, पाय छताकडे. आणि पदर खाली लोंबायचा सोडून वर, पायांकडे पडलेला. त्यानं तो फोटो प्रदर्शनात लावला, तर लोक म्हणाले, काय सुंदर चूक घडलीय, सर.

त्यानं फोटो केशरबाईंना दाखवला. त्यांनी तो उलटा धरून खूप वेळ पाहिला.

"हिला न्हाई वळखत मी. पर साडी तुमच्या मंडळींची हाय न्हवं?"

साडी तीच होती, त्या रविवारची.

आता एंजेला रोज दुपारी जिथं असेल तिथं ताठ उभी राहते. पहिल्यांदा मिनिटभर राहिली, मग दहा मिनिटं. नगरच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. त्यानं निगेटिव्ह जाळली. फरक पडला नाही. "झालं, एंजेला, झालं," तो म्हणत राहतो. तिला ऐकू येतं, डोळ्यांतून पाणी वाहतं, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दाची वाट बघते.

काल पावणेदोन तास झाले. तो समोर खुर्चीवर बसून होता; 'झालं' म्हणायलाही त्याचे ओठ हलले नव्हते. शेवटी ती सुटली, भिंतीला टेकली आणि दमलेल्या आवाजात म्हणाली,

"आज तूही हलला नाहीस... बरं झालं."